बावीस जणी आल्या, पाच उरल्या

पत्र :

सप्रेम नमस्कार,

मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहते. सोसायटीच्या मागे जुनी वस्ती आहे. आमच्याकडे धुणं-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या बहुतेक बायका तिथल्याच. गेल्या महिला दिनाला आम्ही चौघी मैत्रिणींनी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या बायकांसाठी लिहा-वाचायचा वर्ग सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, दुपारी चार ते पाच, पूर्ण मोफत. पाट्या, वह्या, पेन्सिली आम्हीच आणल्या. पहिल्या दिवशी २२ बायका आल्या. दिवाळीनंतर पाच उरल्या, आणि त्यातल्या दोघी आमच्या सोसायटीतल्याच आजी. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी सगळ्यात आधी आल्या आणि सगळ्यात आधी बंद झाल्या. विचारलं की म्हणतात, "येते ना ताई उद्यापासून."

आता सोसायटीचे चेअरमन म्हणतात, बाहेरच्यांसाठी हॉल द्यायचा तर भाडं भरा. एका मैत्रिणीचं म्हणणं, फुकट आहे म्हणून किंमत नाही, महिना ५० रुपये फी लावू. भागातले एक पुढारी दप्तरं वाटायला तयार आहेत, पण दप्तरावर आणि हॉलबाहेर त्यांचा फोटो हवा. आणि माझा मुलगा म्हणतो, "आई, त्यांना गरजच नाहीये. सगळ्या जणी व्हॉइस मेसेज पाठवतात." वर्ग चालू ठेवावा की बंद करावा?

– एक वाचक, ठाणे

उत्तर :

नमस्कार ताई,

बंद करू नका. पण जसा चालू आहे तसाही चालू ठेवू नका. आणि फी, भाडं, दप्तरं हे सगळं बाजूला ठेवून आधी मावशींकडे या, कारण तुमच्या पत्रातली खरी बातमी त्यांचीच आहे.

मावशी सकाळी तुमच्या ओट्याशी उभ्या असतात. भाजीत मीठ जास्त झालं तर तुम्ही बोलता, उशीर झाला तर बोलता, पगारही तुम्हीच देता. त्याच मावशी दुपारी चार वाजता पाटीवर 'म' उलटा काढणार आणि तो तुम्ही पुसणार. तुम्ही कितीही गोड बोललात तरी दिवसातून दोनदा एकाच माणसापुढे चूक ठरायचं कोणाला आवडतं? त्यातून शेजारी बसलेली बाई तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कामाला. वर्गात कोणाला काय आलं नाही, हे संध्याकाळपर्यंत तीन घरांत कळणार. "येते ना उद्यापासून" हे त्यांचं सभ्य उत्तर आहे. मालकिणीला 'नाही' म्हणता येत नसलं की माणूस 'उद्या' म्हणतो. बँकेत तुम्हीही साहेबांना असं म्हणाला असाल.

तेव्हा पहिला नियम असा करा : जिच्या घरी जी बाई काम करते, तिला तिने शिकवायचं नाही. आणि जमलं तर तुम्ही चौघींनी थोडं मागे सरकून शिकवणारी वस्तीतलीच शोधावी. दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी, एखादी सून तिथे नक्की असेल. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्हाला ऐकून माहीत असेल. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून जाणाऱ्या आज्यांचे फोटो तेव्हा सगळीकडे आले होते. ८ मार्च २०१६ला, म्हणजे महिला दिनालाच, योगेंद्र बांगर या शिक्षकाने ती सुरू केली. फोटोंमुळे गुलाबी लुगडी लक्षात राहिली, पण त्या शाळेतल्या दोन गोष्टी माझ्या मते जास्त महत्त्वाच्या होत्या. एक, शिकवायला गावातलीच सून होती, आणि वर्गात तिची सासूही बसायची. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेची मागणी आज्यांकडून आली होती. शिवजयंतीच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की आम्हालाही पोथी वाचता आली असती तर. वर्ग त्यानंतर निघाला.

तुमच्याकडे उलट झालं. वर्ग आधी निघाला, आणि मग तो कोणाला हवा आहे ते पाहिलं गेलं. यात वाईट हेतू काहीच नाही, बहुतेक वस्त्यांत असंच होतं. पाच-सहा चांगली माणसं एकत्र येतात, हॉल मिळतो, फळा येतो, उद्घाटनाला नारळ फुटतो, आणि पत्रकावर 'रहिवाशांनी रहिवाशांसाठी' असं छापलं जातं. त्यातले पहिले रहिवासी एका बाजूचे आणि दुसरे रहिवासी भिंतीपलीकडचे असतात, एवढंच.

वेळेचंच बघा. चार वाजता ही वेळ कोणी ठरवली? मला वाटतं दुपारची वामकुक्षी आटोपून चहा झाला की तुम्हा चौघींना ती सोयीची. पण घरकाम करणाऱ्या बाईची संध्याकाळची भांडी नेमकी चारलाच सुरू होतात. चार ते पाच तुमच्याकडे बसली तर पाचचं घर सहाला, सहाचं सातला, आणि स्वतःच्या घरी चूल पेटायला नऊ. शिवाय वस्तीत पाण्याची वेळ कोणती? ते कळल्याशिवाय वर्गाची वेळ लिहूच नका. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली मजूर-शेतकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवसा कामावर गेलेला माणूस दिवसा शिकायला येणार कसा? फांगण्यात दुपारी दोन ते चार, कारण तोवर आज्यांची घरची कामं उरकलेली. तुमच्या मागच्या वस्तीत कदाचित दुपारी पावणेतीन निघेल, कदाचित रात्री साडेआठ. आठवड्यातून पाच दिवस तर नक्कीच निघणार नाही. दोन दिवस धरा, आणि ते दोन दिवस मोडू नका.

हजेरीचं गणितही जरा बँकेतून बाहेर काढा. तुम्ही मार्चमध्ये सुरू केलंत. मे महिन्यात अर्धी वस्ती गावी जाते. जूनमध्ये पोरांच्या शाळा, मग गणपती, आणि दिवाळीच्या आधी महिनाभर तुमच्याच सोसायटीतल्या प्रत्येक घराला डबे घासून हवे असतात, माळा झाडून हवा असतो, फराळाला हात हवा असतो. त्या महिन्यात तुमची विद्यार्थिनी कुठे होती, हे तुमच्या मजल्यावरच विचारा. मग बावीसच्या पाच झाल्या याचं एवढं दुःख होणार नाही.

आता काय शिकवायचं. "तुम्हाला काय शिकायचंय?" असं सरळ विचारलंत तर उत्तर येईल, "तुम्ही शिकवाल ते." हा प्रश्नच वांझोटा आहे. त्याऐवजी असं विचारा : गेल्या महिन्यात कुठे कुठे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं? आणि गप्प बसा. मग ऐका काय काय निघतं ते. लाडक्या बहिणीची ई-केवायसी करताना मोबाईलच्या दुकानातल्या पोराला आधार आणि ओटीपी दोन्ही सांगावं लागलं. बँकेत पैसे काढायच्या स्लिपसाठी रांगेतल्या अनोळखी माणसाच्या हातात पासबुक दिलं. सासूच्या गोळ्या संपल्या आणि नव्या पट्टीवरची तारीख कळेना. शाळेतून चिठ्ठी आली, ती पोराने वाचून दाखवली, पण त्याला सोयीची तेवढीच. लाइट बिल दुप्पट आलं, भांडायला गेले तर तो म्हणाला युनिट बघा, युनिट कुठे लिहितात? आणि ज्या सोसायटीच्या गेटवर मोबाईलमधला आकडा दाखवावा लागतो तिथे वॉचमन रोज हसतो.

तुमच्या मुलाचं अर्ध बरोबर आहे. व्हॉइस मेसेजने बरंच काम भागतं, आणि ज्या बाईला बोलून निरोप पोचवता येतो तिला 'अ अननसाचा' शिकवण्यात अर्थ नाही. पण आवाजाने निरोप जातो, पैसे नाही. नोट रंगावरून ओळखता येते, पाचशेची करडी, शंभरची जांभळी, दोनशेची पिवळी. गूगल पेला रंग नाही. तिथे दोन शून्यं जास्त पडली तर पडली. बायका फसतात त्या इथे, आणि फसल्यावर घरात सांगत नाहीत. मुलाला म्हणावं, गरज नाही म्हणतोस तर एक दिवस वर्गात येऊन ओटीपी कोणाला सांगायचा नाही एवढं शिकवून जा. येईल तो, चांगला असेल.

आकड्यांपासूनच सुरू करा, अक्षरांपासून नको. आणि दोन्ही आकडे शिकवा. आपल्या पुस्तकांत मराठी आकडे असतात, पण फोनवर, नोटेवर, लिफ्टच्या बटणांवर इंग्रजी असतात. बेस्टच्या बसवर तर वर्षानुवर्षं पुढे मराठी आणि बाजूला इंग्रजी, म्हणजे बस समोरून येताना एक आणि शेजारून निघून जाताना दुसरा. ५ आणि 5 एकच आहेत हे ज्याला लहानपणापासून येतं त्याला ही अडचण दिसतसुद्धा नाही.

एक धडा तुम्हाला तयार करूनच देते. प्रत्येकीला घरचं जुनं कॅलेंडर आणायला सांगा, नसेल तर तुम्ही द्या. एका महिन्याचं पान उघडायचं. ज्या दिवशी कामाला गेली नाही त्या तारखेवर गोल. समजा एका घरचा पगार ३००० रुपये. महिन्याचे ३० दिवस धरले तर दिवसाला १००. खाडे तीन झाले, त्यातला एक कबूल केलेल्या सुट्टीचा. राहिले दोन, म्हणजे कापायचे २०० आणि हातात यायला हवेत २८००. आता प्रत्येकीने आपापल्या घरांचं मांडायचं : बी-७०४, ए-३०२, ज्याचं त्याचं पान वेगळं. घराचा नंबर लिहिताना अक्षरही येतं, आकडाही येतो. दोन तासांत त्या जे शिकतील ते तीन महिन्यांच्या पाटीवर येणार नाही, कारण इथे चूक झाली तर पैसे जातात, आणि पैशाच्या बाबतीत त्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतं. फक्त लिहायची सवय नाही.

हो, या धड्याचा एक परिणाम होईल. पहिल्या तारखेला सोसायटीतल्या काही घरांत बायका कागद घेऊन उभ्या राहतील आणि म्हणतील, मॅडम, दोनच खाडे धरायचे होते. तुमच्या काही मैत्रिणींना ते आवडणार नाही. तुम्हाला स्वतःला आवडेल का, याचा विचार हा धडा घ्यायच्या आधी करून ठेवा. शिकवायचं तर हेही आलं.

त्याच ओघात आणखी एक कागद वर्गात आणा. घरकाम करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयापर्यंत नोंदणी करता येते, आणि त्यासाठी कामाला ठेवणाऱ्याचा दाखला लागतो. तो अर्ज हेच तुमचं क्रमिक पुस्तक समजा. नाव, पत्ता, जन्मतारीख, वारसाचं नाव, सही. दाखला अर्थातच तुम्हा चौघींपैकी पहिला कोणीतरी देईल.

अक्षरांकडे वळाल तेव्हा क पासून ज्ञ पर्यंत पाठ करून घेऊ नका. लहान पोरांनाही हल्ली गमभनने सुरुवात करून देतात, मग पन्नाशीच्या बाईला बाराखडीचा पाढा कशाला? तिचं नाव पहिलं. मग तिच्या तोंडातला एखादा शब्द घ्या. 'पगार' घ्या. त्यात प, ग, र आणि एक काना. एवढ्यावर काय काय होतं ते त्यांनाच जुळवू द्या : गार, पार, पर, राग, पाप. पगारातून राग निघाला की वर्ग हसतो, आणि हसलेला शब्द विसरत नाही. मग 'पाणी', मग 'रेशन', मग वस्तीचं नाव. जोडाक्षरांची घाई करू नका, पण कोणाच्या आडनावात जोडाक्षर असेल तर तिला ते पहिल्या दिवशीच हवं असतं. तिला द्या. काही जणी घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलत असतील, काही तेलुगू, काही हिंदी. मराठी शब्द अडला म्हणून त्यांच्यावर रागवायचं नाही एवढंच पुरणार नाही, शब्दही त्यांच्या ओळखीचे लागतील.

आणि चष्मा. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं इतकं मोठं आहे. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचं धूसर दिसतं. तुम्हा-आम्हाला दिसेनासं होताच आपण चष्मेवाल्याकडे जातो, कारण पेपर वाचता येईना हे लगेच कळतं. जी कधी वाचतच नव्हती तिला कळणार कसं? ती सुईत दोरा नातवाकडून ओवून घेते आणि वर्गात पहिल्याच दिवशी ठरवते की आपल्या डोक्यात काही शिरत नाही. बंद झालेल्या सतरा जणींतल्या कितीतरी जणी बहुधा अशाच गेल्या असतील. दप्तरांचे पैसे कोणाकडे असतील तर त्यांतून डोळे तपासून घ्या आणि जवळचे चष्मे करा. पाट्या परत ठेवून द्या, मोठ्या रेघांच्या वह्या आणि जाड पेन्सिली आणा. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहिलेल्या बोटांना बारीक पेन धरवत नाही.

आता फी. तुमच्या मैत्रिणीला वाटतं तशी ५० रुपयांनी किंमत वाढत नाही. ज्या बाईचा तास तुम्ही घेता तिने त्या तासाचं मोल आधीच मोजलेलं असतं, कारण तेवढ्या वेळात आणखी एक घर धरता आलं असतं. 'फुकट' हा शब्द त्यामुळे मला पत्रात खटकला. पण पैसा वर्गात असावा, फक्त तो तुमच्या हातात नसावा. एक डबा ठेवा, प्रत्येकीने दहा रुपये टाकायचे, खडू-चहा-झेरॉक्स त्यातून. डब्याची किल्ली, वही आणि हिशेब त्यांच्यातल्या दोघींकडे. वस्तीत बचत गट असणारच. दहा ते वीस बायकांचा गट कसा चालवायचा, कोण वेळेवर पैसे देतं, कोण बुडवतं, कोणाला उभं करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हजेरीपटही त्यांच्याकडेच द्या. एखादी आली नाही तर तिला बोलवायला तुम्ही गेलात की ती लाजते, गटातली गेली की शिव्या घालत का होईना पण येते.

म्हणजे खरं तर तुमचा वर्ग नव्याने बचत गटात जाऊन बसतो, असंच म्हणा. गटाच्या बैठकीला जोडून एक तास. मला विचाराल तर हीच सगळ्यात सोपी वाट आहे, आणि यात तुमचा हॉलचा प्रश्नही सुटतो.

चेअरमनसाहेबांवर रागावू नका. त्यांना पंख्याचं बिल, खुर्च्या, आणि उद्या काही हरवलं तर कोण बोलणार याची काळजी आहे. तुम्हाला हॉल हवाच असेल तर तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या : वार कोणते, वेळ कोणती, किल्ली कोणाकडे, नुकसान झालं तर भरपाई कोण करणार. कमिटीने ठराव करून दिला की दर आठवड्याला लिफ्टमध्ये वाद घालावा लागत नाही. नाहीच झालं तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत विषय मांडा. सोसायटीतल्या त्या दोन आजींना पुढे करा, त्यांना सभेत कोणी 'बाहेरच्या' म्हणणार नाही.

पण माझा कल हॉल सोडण्याकडे आहे. तुमच्या गेटवर वहीत नाव लिहा म्हणतात, आणि ज्या बाईला नाव लिहिता येत नाही तिला वर्गाला येण्यासाठी आधी अंगठ्यावर वॉचमनची नजर झेलावी लागते. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल, मला मान्य आहे. वस्तीत जागा बघा. अंगणवाडी दुपारनंतर रिकामी असते. समाजमंदिर असेल, मंडळाची खोली असेल, पालिकेची शाळा असेल. ज्यांच्या घरापासून दोन मिनिटांवर वर्ग असतो त्या भाजी गॅसवर ठेवूनही येतात. चालत जायचं तर तुम्ही जा. त्या दोन आजीही येतील, नाही आल्या तर त्यांच्यासाठी हॉलमध्ये आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल आणि हरिपाठ असं वेगळं चालवा. त्यांची गरज निराळी आहे, दोन्ही एका मोळीत बांधू नका.

पुढाऱ्यांना हाकलून देऊ नका, त्यांच्याकडून भलतंच काहीतरी घेऊ नका एवढंच. दप्तर ही मोठ्या बाईला लागणारी वस्तूच नाही. त्यांना सांगा, साहेब, दप्तरं राहू द्या, पालिकेच्या शाळेची एक खोली रात्री आठ ते साडेनऊ उघडून द्या, आणि गल्लीतला बंद पडलेला दिवा लावून द्या. हे त्यांच्या हातातलं काम आहे, तुमच्या हातातलं नाही. दिवा लागला तर त्यांनी त्याखाली उभं राहून खुशाल फोटो काढावा. वर्गातल्या बायकांचा फोटो मात्र नाही. 'निरक्षर महिला' म्हणून बॅनरवर चढायचं कोणाला असतं? तुम्हीसुद्धा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकत असाल तर थांबा.

शाळेच्या खोलीसाठी आणखी एक दार आहे. केंद्र सरकारचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही त्यात शिकणारी म्हणून नाव घालता येतं, आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात, बिनपगारी. त्याचं सगळं शाळेमार्फत चालतं, त्यामुळे जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. तुम्ही चौघी आणि वस्तीतली ती मुलगी स्वयंसेवक म्हणून नोंद करा. शेवटी शाळेतच एक परीक्षा होते, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, असे १५० गुण, आणि पास झालं की प्रमाणपत्र. १७ मार्च २०२४ला ती आपल्या राज्यात झाली तेव्हा नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आज्यांपासून सगळे बाकांवर बसले होते. ज्यांना हवी त्यांना परीक्षेला बसवा, ज्यांना नको त्यांच्यावर जबरदस्ती नको. काहींना परीक्षेच्या नावानेच घाम फुटतो, लहानपणी शाळेत मार खाल्लेला असतो. काहींना मात्र तो कागद फ्रेम करून लावायचा असतो, आणि तोही फार चांगला हेतू आहे.

प्रमाणपत्राने सगळं संपलं असं समजू नका, कारण हा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९५९च्या सुमारास सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर व्हायची, ग्रामगौरव समारंभ व्हायचे, पुढे ती मोहीम राज्यभर गेली आणि १९७२ साली युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. काम खरंच मोठं होतं. पण समारंभ झाल्यावर हातात वाचायला काही राहिलं नाही तिथे नव्याने शिकलेली अक्षरं पुसली गेली. तुमच्याकडे चार महिन्यांनी एखादी बाई पगाराचं पान लिहू लागली की तिला पुढचं काही द्या. वस्तीतल्या भिंतीवर एक फळा लावा आणि पाण्याची वेळ, रेशन आल्याची तारीख, दवाखान्याचा दिवस हे रोज त्यांच्यातल्या कोणीतरी लिहायचं. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी रस्ता आहे : पाचवी झालेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसता येतं. तुमच्या बावीसमध्ये अशी एखादी नक्की आहे, लग्न झालं म्हणून सातवीत शाळा सुटलेली. ती पाटी-पेन्सिलीच्या वर्गाला कंटाळून गेली असेल. तिला शोधा, शिकवायलाही तीच उपयोगी पडेल.

मावशींशी काय बोलायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. "का येत नाही" हे पुन्हा विचारू नका. स्वयंपाकघरात तर अजिबात नको, तिथे त्या कामावर असतात. एखाद्या रविवारी त्यांच्या घरी जा, आधी फोन करून जा, आणि सांगा की वर्गाची वेळ चुकली होती, जागा चुकली होती, आता तुम्ही बायकांनी बसून ठरवा, मला मी शिकवायला हवी आहे का तेही सांगा. चहा देतील तो प्या. "नको, आत्ताच झाला" म्हणू नका. उत्तर त्या दिवशी मिळणार नाही, बायका आपसात बोलतील, मग आठवड्याने कळेल. कदाचित त्या म्हणतील, शिकवायला शेजारची पोरगी चालेल, तुम्ही फक्त बँकेचं सांगा. तुमची पस्तीस-चाळीस वर्षं स्लिपा, पासबुकं आणि खात्यांत गेली असतील, तर ते तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? तेवढंच करा.

नवीन सुरुवात आत्ता लगेच नको. लग्नसराई चालू आहे, पुढे मे महिना येतोय, बायका गावी जातील. तोवर मुख्याध्यापकांची भेट, चष्म्यांसाठी डोळ्यांची तपासणी आणि मावशींच्या घरचा चहा एवढं उरका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांची आणि गणवेशाची धावपळ असते, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून धरा, आणि पावसाळ्यात अंगणवाडीचं छप्पर गळतं का ते आधी बघून घ्या.